कमानीपुढची घोडी

आमच्या घरात मुलं पत्रकांवर वाढतात. वडील कोराडीच्या वीज केंद्रात कामगार संघटनेचे पुढारी आहेत. ताटात मीठ कमी पडलं तरी आधी मागणी, मग तिचं कारण आणि मान्य न झाल्यास पुढचं पाऊल, असं सगळं सांगायची आमची रीत. म्हणून मामाची लग्नांना भाड्याने जाणारी पांढरी घोडी एका वरातीत डीजेच्या भिंतीसमोर कान पाडून थरथरताना दिसली, तेव्हा मी "घोडीच्या कानांचं काय?" असं पत्रक काढलं आणि पुढच्या लग्नात मांडवातच वाटलं. एक नवरदेवालाही दिलं.

मामा भडकला. "वरात सोडली तर घोडी करन काय वं? बसून तणस खाईन?"

"धावेल. घोडीवर बसायला मला तूच शिकवलंस. कुही तालुक्यात लांब पल्ल्याची दौड आहे, साठ किलोमीटरची."

"धावव मंग. वेळेत आली अन् डॉक्टरनं पास केली, तर डीजेसमोर नेत नाई. नाई तर तुही पत्रकं बंद!"

या दौडीत नुसता वेग पुरत नाही. शेवटी डॉक्टर घोड्याची नाडी बघतात; ती ठरलेल्या वेळात उतरली नाही, तर घोडा बाद.

धान कापून झालं होतं. शेतांमधल्या पांदणीतून घोडी मला घेऊन अशी निघाली, जणू तिनेच पत्रक लिहिलं होतं. मधल्या तपासणीतही नाडी झटकन उतरली. मग एका गावाच्या वेशीवर स्वागताची कमान लागली आणि ती थांबली. टाच मारली, गोंजारलं, दोन घोषणाही दिल्या. ढिम्म. तेव्हा लक्षात आलं, की मांडवाच्या कमानीशी उभं राहायचं आणि कुणी ओवाळेपर्यंत किंवा अक्षता पडेपर्यंत हलायचं नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं.

शेजारी एक बाई धान वाळवत होती. म्हटलं, "काकू, थोडं धान टाका ना आमच्यावर. अक्षता म्हणून."

"नवरदेव कुठी हाय?"

"नवरदेव नाही. मीच आहे."

"हे बरं हाय!" म्हणत तिने मूठभर धान उधळलं. घोडी निघाली.

पुढे कमान नव्हती. म्हणजे शेवटपर्यंत नव्हती. शेवटी मात्र आयोजकांनी झेंडूची भलीमोठी कमान उभारली होती. घोडी तिच्या दहा पावलं अलीकडे थांबली, मान ताठ, सासरी आल्यासारखी. वेळ संपत आली होती. पलीकडे मामा उभा. बाहेरच्याने घोड्याला हात लावायचा नाही, असा नियम होता.

"मामा, ओवाळ!"

"मी काहून ओवाळू? तू जिंकशीन ना!"

"हा कामगारावर अन्याय आहे! हिचं काम झालंय, हिची सुटी अडवू नकोस!"

"भाषण नको देऊ. तिचे कान दुखतात म्हणे."

लोक हसायला लागले. घोडी मात्र मामाकडे बघत राहिली. रागावून नाही, काम पुरं केल्यावर माणसानेही आपलं काम करावं, अशी वाट बघत. मामाने दोनदा मान फिरवली. मग खिशातून मोबाईल काढला, त्याचा दिवा लावला आणि लांबूनच तीनदा ओवाळलं.

"दारात आलेल्या घोडीले असं उभं ठेवत नाई," तो पुटपुटला. "पैजीच्या नावानं चांगभलं!"

घोडी डौलात कमानीखालून आली. वेळेत. डॉक्टरांनी नळी लावली आणि भुवया उंचावल्या. कमानीपुढे उभ्या उभ्याच तिची नाडी उतरली होती. माझी मात्र कानात वाजत होती.

मामाने शब्द पाळला. आता घोडी जाते ती फक्त सनई असेल तिथे. वरपक्षाला ही अट सांगायचं काम माझ्याकडे आहे. "दोन वाक्यांत सांगजो," मामाने बजावलंय.

अजून एकदाही जमलेलं नाही.