प्रोसेसरवर कोरलेलं नाव

डबा उघडून प्रोसेसर हातात घेतला आणि मी चष्मा पुसून परत बघितलं. वरच्या चकचकीत पत्र्यावर, जिथं कंपनीचं नाव आणि मॉडेल नंबर असतो, तिथं बारीक अक्षरांत कोरलं होतं: ‘चि. प्रज्ञास सप्रेम भेट, मामाकडून’. अक्षर सुंदर होतं. मॉडेल नंबर मात्र पार खरवडून निघाला होता.

“हे कुणी केलं?” मी विचारलं.

“भांड्याच्या दुकानात,” प्रज्ञा म्हणाली. “आहेर हाय न्हवं अक्का. नाव न्हाई टाकलं तर कळंल कसं कुणाचा हाय ते?”

बीदरमध्ये माझं कॉम्प्युटर असेंब्लीचं दुकान आहे. असेंब्ली म्हणजे तयार कॉम्प्युटर न विकता, एकेक पार्ट निवडून गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे जुळवून देणं. या धंद्यात मी जळालेले पार्ट बघितले, उंदरानं कुरतडलेल्या वायरी बघितल्या. एका शहाण्यानं तर मदरबोर्ड साबणानं धुऊन आणला होता. पण नाव घातलेला प्रोसेसर मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. नशीब तिचा मामा बिदरी नक्षीच्या कारागिराकडं गेला नाही. त्यानं अक्षरांत चांदीची तार भरून दिली असती.

प्रज्ञा भालकी तालुक्यातल्या मेहकरची सून. सिव्हिलचा डिप्लोमा झालेली. लग्नाआधी बीदरला एका ऑफिसात इमारतींची ड्रॉइंग काढायची. मूल झालं आणि रोजचं जाणं-येणं सुटलं. आता हैदराबादचा एक इंजिनिअर तिला घरबसल्या ड्रॉइंगचं काम द्यायला तयार झाला होता. त्यानं एक नमुना पाठवला होता आणि तो बुधवारपर्यंत करून मागितला होता. जमलं तर काम कायमचं, नाही तर दुसऱ्या कुणाला. सासरी तिला कुणी नको म्हणत नव्हतं, पण हो पण कुणी धड म्हणत नव्हतं. हे काम हातचं गेलं असतं तर तो विषय घरात परत निघाला नसता, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

पार्ट मीच निवडून दिले होते. ड्रॉइंगच्या कामाला दोन गोष्टी दमदार लागतात. एक प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारा मेंदू. दुसरी रॅम, म्हणजे काम करताना कागद पसरून ठेवायचं टेबल. टेबल लहान असलं की मेंदू कितीही हुशार असो, खोळंबा होतो. तिचं बजेट बेताचं होतं. म्हणून मी मागच्या पिढीचा प्रोसेसर निवडला. चित्र दाखवायची सोय त्याच्या पोटातच होती, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. त्याला लागणारा मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट जिच्यावर बसतात ती पाटी, आणि रॅमही स्वस्तात येतात. कॉम्प्युटरमध्ये मागच्या पिढीचं म्हणजे शिळं नसतं, हे लोकांना पटवता पटवता माझा घसा बसतो. काटकसर कॅबिनेटमध्ये केली. रंगीत दिवे नकोत म्हणून सांगितलं. पॉवर सप्लाय मात्र चांगल्यातला घ्यायला लावला, कारण खेड्यात करंट कधी पडेल, कधी उसळेल याचा नेम नाही.

तरी बजेट पुरेना. तेव्हा प्रज्ञानं डोकं चालवलं. रविवारी मेहकरला त्यांच्या नव्या घराचा गृहप्रवेश होता. पाहुणे आहेरात भांडी आणणार, आणि घरात वाट्या-तांब्यांना जागा नाही. तिनं जवळच्यांना फोन करून सांगितलं, भांडं नको, एकेक पार्ट द्या, आणि जुळवायला वेळ लागतो म्हणून आधीच आणून द्या. दिरानं मदरबोर्ड घेतला. दुबलगुंडीच्या नणंदेनं रॅम घेतली. मामानं प्रोसेसर. बाकीचं तिनं स्वतःच्या शिलकीतून माझ्याकडून घेतलं. मला ती युक्ती फार आवडली होती. भांड्यावर नाव घालतात हे मला काय माहीत नव्हतं? पण ते या थराला जाईल असं वाटलं नाही. दिराचं नाव बोर्डवरच्या पत्र्याच्या तुकड्यावर होतं, नणंदेचं रॅमच्या कव्हरवर.

नुसतं नाव असतं तर माझी हरकत नव्हती. पार्टवर ओरखडा आला की वॉरंटी जाते, दुकानदार परत घेत नाही, एवढंच. पण मी प्रोसेसर उलटा केला आणि खरी पंचाईत दिसली. त्याची खालची बाजू सपाट होती. दिराच्या बोर्डवर प्रोसेसर बसायची जी जागा असते, जिला सॉकेट म्हणतात, तिथं बारीक भोकं होती. मी सांगितलेल्या प्रोसेसरला खाली सुईसारखे पाय असतात, ते या भोकांत बसतात. मामानं नव्या पिढीचा प्रोसेसर आणला होता. त्याला पायच नसतात.

“हा बसणार नाही,” मी म्हटलं.

प्रज्ञाला डिप्लोमात ड्रॉइंग शिकवलेलं, तिला दोन्ही बाजू बघून लगेच कळलं. ती स्टुलावर बसली. मग हळूच म्हणाली, की माझ्याकडं तो जुना प्रोसेसर असेल तर मी गुपचूप तोच बसवावा. वर थंड करणारा पंखा बसतो, खाली कुणाचं नाव आहे हे कुणाला दिसतंय? मामाला सांगायचंच नाही. तिचा बाप ती लहान असतानाच गेला. शिकवलं ते मामानं. तो हैदराबादच्या रूटवर बस चालवतो आणि तिच्या फीसाठी त्यानं किती जादा ड्युट्या केल्या ते तिला आठवत होतं. सासरचे सगळे पार्ट बरोबर आणि माहेरचा तेवढा चुकला, हे तिला कुणाच्याच तोंडून ऐकायचं नव्हतं.

मी म्हटलं, बाई, तुझं खरं आहे, पण बिल कुणाच्या नावानं करू? उद्या काही बिघडलं आणि मामासमोरच उघडायची वेळ आली तर तोंड कुठं लपवू? तिनं मान हलवली, पण पटलं नव्हतं. मी तिच्यावर थोडी चिडलेच होते, आणि कीव पण येत होती.

आम्ही असं घोळ घालत बसलो आणि मामा दारात उभा. अंगावर ड्रायव्हरचा खाकी ड्रेस. गाडी डेपोत लावून सरळ आला होता.

“जयभीम अक्का. बसवायलाव का? मला फोटो काढायचाय, माझं नाव आत जाताना.”

प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी मनात म्हटलं, आता गप्प बसले तर तो मोबाईल धरून उभा राहणार, आणि मी त्याच्यासमोर हातचलाखी करणार. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. मी बोर्ड आणि प्रोसेसर त्याच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले आणि भोकं दाखवली.

मामानं वाकून बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, “म्हंजी नव्या गाडीचा पिस्टन जुन्या इंजिनाला.”

“तसंच, मामा.”

प्रोसेसर त्यानं हैदराबादला घेतला होता. तिथल्या दुकानदारानं त्याला सांगितलं होतं, ये नया मॉडेल है, उससे अच्छा. मामाला वाटलं पोरीला द्यायचं तर चांगलंच देऊ, म्हणून पदरचे वर घालून नवं घेतलं. हे सांगताना त्याचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं. माणूस स्वस्तात घ्यायला जाऊन चुकला तर मी चार शब्द सुनावते. जास्त देऊन चुकलेल्या माणसाला काय बोलणार?

त्यानं विचारलं, बोर्ड बदलला तर? मी सांगितलं, बोर्ड बदलला की रॅमही बदलावी लागेल. नव्या बोर्डवर ही रॅम चालत नाही, तिची खाचच वेगळ्या जागी असते. म्हणजे एका नावासाठी दोन नावं बाहेर.

मामा खाली टेकला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, “दिराचा आन् नणंदेचा काढायचा न्हाई. पोरीला तिथं नांदायचंय. जे बसतंय ते बसवा.” आणि प्रज्ञाकडं वळला. “तू रडायलीस कामून? पार्ट तुझ्या मामाचा चुकला, तुझं शिक्षण न्हाई चुकलं.”

त्याचा प्रोसेसर मी दुकानातल्या एका नव्या बोर्डवर लावून बघितला. चालू होता. नाव टाकणाऱ्याचा हात हलका असावा. तो मी दुकानाच्या वापराला ठेवून घेतला आणि बदल्यात जुन्या पिढीचा दिला. मी गमतीनं विचारलं, यावर पण टाकून आणता का नाव?

“नगं अक्का. ह्याची वॉरंटी राहू द्या.”

मग काम सुरू झालं. प्रोसेसरचे पाय भोकांत बसवून खटका लावला. त्यावर पेस्ट लावली. ही पेस्ट प्रोसेसरची उष्णता पंख्यापर्यंत पोचवते. ती थोडीच लावायची असते, लोक पोळीला तूप लावल्यागत थापतात. वर पंखा कसून बसवला. मामानं फोटो काढला नाही. पण स्क्रू तोच देत होता, आणि कुठला लांब, कुठला आखूड हे त्याला सांगावं लागलं नाही. बटण दाबलं, स्क्रीन उजळली. मामानं प्रज्ञाला बजावलं की घरी कुणाला काही सांगायचं नाही. संध्याकाळी तिचा नवरा जीप घेऊन आला आणि सगळं घेऊन गेला.

पुढं काय झालं ते मला प्रज्ञानंच सांगितलं, पहिल्या पगारात दुसरा मॉनिटर घ्यायला आली तेव्हा. नमुन्याचं ड्रॉइंग तिनं मंगळवारीच पाठवलं होतं. इंजिनिअरनं थोड्या दुरुस्त्या काढल्या आणि काम दिलं.

गृहप्रवेशाला बुद्धवंदना झाली, खीर झाली, मग सगळे कॉम्प्युटरभोवती जमले. कॅबिनेटची एक बाजू काचेची. दीर बॅटरी मारून प्रत्येकाला आपलं नाव दाखवत होता. मामाचं नाव काही सापडेना. तेव्हा त्यानं सरळच विचारलं, मामा, तुमचं कुठंय? मामा खिरीची वाटी धरून बसला होता. म्हणाला, “पंख्याखाली. उघडू नगा, पोरीचं काम हाय.”

हे सगळं प्रज्ञा आतल्या आत सोसत राहिली. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पगार आल्यावर मात्र तिनं धीर करून सासूला खरं सांगून टाकलं, की मामाचा पार्ट बसला नव्हता, आत दुसराच आहे. सासू भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

“मला ठाव हाय. गृहप्रवेशाच्या सकाळीच येऊन सांगितलं त्यानं. म्हणला, चूक माझी हाय, विहीणबाई, पोरीला बोलू नगा. म्या कामून बोलू? माणूस खाली मान घालून उभा हुता माझ्यापुढं.”

हे सांगताना प्रज्ञाला दुकानातच रडू आलं. मी तिला पाणी दिलं आणि मॉनिटरची वायर पिशवीत घातली.

तेव्हापासून आहेरासाठी पार्ट घ्यायला कुणी आलं की मी आधीच सांगते, नाव घालायचं असेल तर कॅबिनेटवर घाला, पत्रा जाड असतो. आणि घालायच्या आधी पार्ट बसतो का ते एकदा इथं आणून बघा. निम्मे लोक ऐकतात.