कर्णिक मास्तरांनी बेटावर फोन केला

दुपारचा चहा झाला, की बडोद्याच्या कारेलीबागेतले निवृत्त शिक्षक लक्ष्मीकांतराव कर्णिक मोबाईल स्टीलच्या रिकाम्या डब्यात उभा करतात, म्हणजे आवाज जरा मोठा येतो, आणि सेंट हिलरी नावाच्या बेटाचा रेडिओ लावतात. हे बेट कॅरिबियन समुद्रात आहे. तिकडे तेव्हा सकाळ असते. कोणाची बकरी चर्चच्या आवारात शिरली, कोणाच्या होडीला आज मासळी लागली, कोणत्या आजीबाईंचा वाढदिवस आहे, असल्या बातम्या मास्तर कान टवकारून ऐकतात. आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, हे मात्र त्यांना बायकोला, दुर्गाबाईंना, विचारावं लागतं. शेजारचे प्रतापसिंह जिन्यात भेटले की हसून म्हणतात, "केम टापुवाळा काका, आजे शुं नवुं?" म्हणजे, काय बेटवाले काका, आज काय नवीन? आणि मास्तर खरोखरच सांगत सुटतात. मग प्रतापसिंहांना स्कूटर काढून पळावं लागतं.

आता माणूस काही उगाच असा होत नाही. मास्तरांची एकुलती एक मुलगी मोहना त्या बेटावरच्या सरकारी इस्पितळात फार्मासिस्ट आहे. दोन वर्षांच्या करारावर गेली, दोनाची तीन झाली. गेल्या हिवाळ्यात करार पुन्हा संपत आला, आणि तो वाढतो की पोर घरी येते, या एका प्रश्नापायी मास्तरांचा जीव टांगणीला लागला. दर रविवारी तिचा फोन यायचा. मास्तर तिला तिथल्या पावसापासून राजकारणापर्यंत सगळं विचारायचे, आणि फोन दुर्गाबाईंच्या हातात येईपर्यंत मोहनाची जेवायची वेळ झालेली असायची.

तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेल्या या माणसाने त्या बेटाच्या कारभारापुढे मात्र हात टेकले होते. देश म्हणावा तर देश नाही, कारण वर लंडनहून आलेला गव्हर्नर. वसाहत म्हणावी तर निवडणूक होते, सभागृह भरतं, प्रीमियर नावाचा मुख्यमंत्रीही असतो. मास्तरांचे आजोबा गायकवाडी हुजूर कचेरीत होते. गादीवर महाराज आणि त्यांच्यावर नजर ठेवायला इंग्रजांचा रेसिडेंट, हा प्रकार मास्तरांनी लहानपणी घरातच ऐकलेला.

"म्हणजे हा गव्हर्नर तिथला रेसिडेंट," त्यांनी दुर्गाबाईंना समजावलं.

"आणि महाराज कोण?"

महाराज म्हणावा तो प्रीमियर मोहनाच्या खिडकीशी ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी रांगेत उभा राहायचा, आणि आधी 'गुड मॉर्निंग' म्हटल्याशिवाय त्यालाही गोळ्या मिळत नसत. तिथली रीतच तशी. दुकान असो, कचेरी असो, आत आलात की सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं, मगच कामाचं बोलायचं. नाहीतर समोरचा ऐकूच न आल्यासारखा बसून राहतो. मोहनाला पहिल्या महिन्यात कोणी भाजी देईना, तेव्हा हे कळलं होतं. बरं, या लोकांना स्वातंत्र्य हवं का? निम्मे म्हणतात, नको बाबा. चक्रीवादळानं छप्परं उडाली की पैसे कोण पाठवणार? मास्तरांनी शिकवलेल्या प्रत्येक धड्यात लोक स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेले होते. नको म्हणणारी माणसं त्यांच्या पुस्तकात नव्हतीच. त्यांची काही संगती लागेना.

अशात तिथे निवडणूक लागली. कॉर्नेलियस मॅथ्यू नावाचा एक उमेदवार ट्रकवर मोठाले स्पीकर लावून बेटभर फिरू लागला. त्यानं स्वतःवरच गाणी करवून घेतली होती, आणि ती इतकी ठेक्याची होती की विरोधकही गुणगुणत. त्याचं म्हणणं एकच होतं. बाहेरून आलेल्यांचे करार वाढवायचे नाहीत, नोकऱ्या बेटाच्या लेकरांना द्यायच्या.

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. "हा आपला माणूस!"

त्या दिवसापासून घरात मॅथ्यूचा जप सुरू झाला. मॅथ्यू काय बोलला, मॅथ्यूनं विरोधकांना कसं गप्प केलं. दुर्गाबाईंनी आठवडाभर सोसलं.

"अहो, तो तुमच्या पोरीला हाकलायला निघालाय, आणि तुम्ही त्याला डोक्यावर घेऊन नाचताय? मला तर तुमची काही गम पडत नाही, काही कळतच नाही."

"हाकललं की येईल ना ती घरी!"

"आणि हाकललेली पोर हसत येईल, होय?"

मास्तरांनी या बाजूनं विचार केलाच नव्हता. मग त्यांनी ठरवलं की विचार न केलेलाच बरा.

त्या रेडिओवर सकाळी मिस व्हेल्मा नावाच्या बाई लोकांचे फोन घेत. कोणीही फोन करावा, कोणालाही झोडावं. मतदानाला थोडेच दिवस उरले असताना मास्तरांनी शर्टाची वरची गुंडी लावली, घसा साफ केला आणि बडोद्याहून बेटावर फोन लावला. तो लागला, याचं त्यांनाच सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं. पुढचं सगळं मास्तरांच्या शाळकरी इंग्रजीत झालं.

"गुड मॉर्निंग," मास्तर म्हणाले. बाहेर संध्याकाळ व्हायला आली होती, पण रीत ती रीत.

"गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग. तुम्ही कोणाचे?" तिथे नाव नंतर विचारतात, कोणाचे ते आधी.

"मी मोहनाचे वडील. इंडियाहून बोलतोय."

"आपल्या औषधांच्या खिडकीवरच्या मोहनाचे? अरे देवा! बोला, बोला."

मास्तरांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. मिस्टर मॅथ्यू बरोबर बोलतात. बाहेरच्या माणसांनी आपापल्या घरी जावं. माझ्या मुलीनंसुद्धा.

मिस व्हेल्मांनी अगदी सहज विचारलं, "तुम्ही जिथे राहता, तिथलेच का?"

आता इथे दुसरा कोणी असता तर 'हो' म्हणून मोकळा झाला असता. मास्तर पडले खरं बोलणारे. "राहतो बडोद्यात. पण हे गुजरात आहे. आम्ही मराठी. मूळचे चौलचे."

"मग तिकडे कधी गेलात?"

"दोनशे वर्षं होऊन गेली. राजाबरोबर आलो."

"दोनशे वर्षं! आणि तुम्ही अजून बाहेरचे?"

"हो. म्हणजे नाही. म्हणजे..."

"परत जा असं कोणी म्हणालं का तुम्हाला?"

रिक्षावाल्यापासून बँकेतल्या मुलीपर्यंत जो तो विचारतो, 'तमे मूळ क्यांना?' आणि ते छाती काढून चौल सांगतात. ते चौल त्यांनी जन्मात एकदा पाहिलं होतं. तिथे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं, पाणी बाधलं, आणि कधी एकदा बडोदे गाठतो असं झालं होतं. परत जा मात्र कोणी म्हणालं नव्हतं.

"नाही," ते हळूच म्हणाले.

"थँक यू, डॅडी. देव तुमचं भलं करो," मिस व्हेल्मा म्हणाल्या, आणि सिमेंटची जाहिरात लागली.

दुर्गाबाई गॅस बंद करून दारात येऊन उभ्या होत्या.

"दुर्गा, मी कोणाच्या बाजूनं बोललो गं?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होते."

दिवेलागणीला मोहनाचा फोन आला. रविवार नव्हता.

"बाबा, रांगेतला प्रत्येक माणूस मला तेच सांगतोय. तुझे वडील रेडिओवर तुला घरी पाठवा म्हणत होते. मॅथ्यू स्वतः येऊन गेला. गुड मॉर्निंग म्हणाला, आणि म्हणाला, मी बोलतो ते तुझ्याबद्दल नव्हे हं, तू तर आमचीच आहेस."

"मग तो घालवणार कोणाला?"

"ते कोणालाच माहीत नाही. प्रत्येकाला तो एकेकटं भेटून हेच सांगतोय."

मास्तरांना आता डोकं धरून बसावंसं वाटलं. ज्याच्या भरवशावर ते महिनाभर उड्या मारत होते, तोच माणूस त्यांच्या पोरीला ठेवून घ्यायला निघाला होता. आणि गंमत म्हणजे, ते 'आमचीच' ऐकून त्यांना आतून बरंही वाटलं होतं.

"बाबा," मोहनाचा आवाज बदलला. "मी यावं असं वाटत होतं, तर मला सांगायचं होतं. अख्ख्या बेटाला कशाला सांगितलंत?"

तीन वर्षांत मास्तरांनी तिला प्रीमियरचं ब्लडप्रेशर विचारलं, बकऱ्यांची खुशाली विचारली, गव्हर्नरचे अधिकार विचारले. हे एक विचारलं नव्हतं. तिनं नाही म्हटलं तर काय, या भीतीनं विचारलं नव्हतं, आणि ही भीती आहे हेही त्यांना आत्ताच कळत होतं.

"मग ये ना गं," ते म्हणाले. "ये घरी. मला करमत नाही, मोहना."

पलीकडे कोणी आत आलं असावं, दोन-तीन गुड मॉर्निंग ऐकू आले. मोहनानं त्यांना गुड मॉर्निंग म्हटलं. मग ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "नाही येणार, बाबा. मी इथेच राहायचं ठरवलंय. केव्हाचं ठरवलंय. पण तुम्ही विचारतच नव्हता, तर मी नाही कशाला म्हणू?"

फोन ठेवला तेव्हा मास्तरांचे डोळे भरून आले होते. फार वाईट वाटत होतं. आणि इतकं वाईट वाटत असताना छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही का वाटतंय, हे त्यांना काही केल्या उमजेना.

"काय म्हणाली?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"नाही म्हणाली," मास्तर म्हणाले. "पण मी विचारलं गं."