निळीचा सदरा

साल चोपन्न, मी एकोणीस वर्षांचा. निळीचा वास आला की तो फुटबॉलचा सामना अजून आठवतो. गावाच्या संघाचे सदरे आमी घरीच निळीत बुडवले होते. निर्वासितांच्या कॅम्पातला एक सिंधी गडी आमच्या पिंपरीकडून खेळायचा. त्यानं बॉल माझ्या पायात आणून दिला, समोर गोल मोकळा, अन् मीच बाहेर मारला. हरल्यावर सगळे माझ्याकडं बघाय लागले, तसा मी त्याच्यावरच ओरडलो, "गाव तुझं असतं तर जीव लावून खेळला असतास." तो म्हणाला, "तुमचं गाव, तुमचा सदरा," अन् सदरा काढून माझ्या हातात दिला. घामानं त्याच्या छातीवर आमची नीळ उतरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सदरा घेऊन कॅम्पात गेलो. तो नळावर छाती घासत होता. माफी काय तोंडातून निघाली न्हाई. "संध्याकाळी खेळ हाय," एवढंच म्हणून सदरा त्याच्या दोरीवर टाकला अन् मागं न बघता घरी आलो.