काळी दोनमध्ये गाणारी जीप

लिहायला बसलोय खरा, पण हे आपलं काम आहे का, याची मला खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. आठवणी लिहिणारी माणसं मोठी असतात, त्यांच्या आयुष्यात काहीतरी घडलेलं असतं. माझं तर अजून शिक्षणही संपलेलं नाही. तेव्हा हा आगाऊपणा वाचणाऱ्यांनी पोटात घालावा. पण तो आठवडा आठवला की मला एकट्यालाच हसू फुटतं, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचं गाव जासईच्या बाजूला. शेत सरकारनं घेतल्यावर बाबा काही वर्षं कंटेनर यार्डाच्या गेटवर रखवालदार होते. मग त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि जासई-नेरूळ अशी माणसांची ने-आण सुरू केली. गेटवर असताना ते घरी येऊन गप्प जेवायचे. जीप आल्यावर जेवताना बोलायला लागले. आम्हाला ते इतकं नवीन होतं की सुरुवातीला आई त्यांना विचारायची, बरं वाटत नाही का.

मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. एका रविवारी बाबा म्हणाले, मागच्या डिफ्रेन्शियलचं ऑइल बदलूया, तूही हात लाव. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो ना, तो डिफ्रेन्शियल. त्याच्यातल्या दातेरी चाकांमधून इंजिनाचा जोर चाकांपर्यंत जातो. जुनं ऑइल डांबरासारखं निघालं. बाबांनी ते तळहातावर घेतलं, तर त्यात चांदीसारखी बारीक चमक होती. त्यांनी हात पँटीला पुसला. सपाट जागा बघून आम्ही नवं ऑइल भोकाच्या काठापर्यंत भरलं, बूच आवळलं आणि चक्कर मारायला निघालो.

बाबा चाळीसच्या वर कधी जात नाहीत, आणि रस्ता मोकळा असेल तर खालीही येत नाहीत. काटा चाळीसवर गेला तसा मागून आवाज सुरू झाला. ऊंऽऽऽ, असा एकसारखा.

"आयकलास?" बाबांनी विचारलं.

"हो."

"काल व्हता का?"

मला आठवेना. त्यांनाही आठवेना. ते म्हणाले, "क्राऊन-पिनियन गेला आसंल तर जीप इकायची. आन परत गेटवर जायचा." म्हणजे आतली मुख्य दातेरी चाकं गेली असतील तर. त्यानंतर जेवताना ते पुन्हा गप्प झाले.

सगळे माझ्याकडे बघत होते. पोरगा इंजिनिअरिंगला आहे, त्याला कळणारच. पहिल्या वर्षात आम्हाला नट-बोल्टची चित्रं काढायला शिकवली होती, एवढंच. मी कॉलेजच्या लायब्ररीतून इंग्रजी पुस्तक आणलं आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. त्यात लिहिलं होतं की ऑइलात बारीक चमक असतेच, तुकडे निघाले तर काळजी करायची. आवाज दात्यांचा असेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर तो बदलतो. चाकाच्या बेरिंगचा असेल तर तसा बदलत नाही, पण गाडी वळवली की कमी-जास्त होतो. मी हे घाबरत घाबरत बाबांना सांगितलं. "बघू," ते म्हणाले.

तपासणीला दादूस आले. हे बाबांचे थोरले चुलतभाऊ, म्हणजे माझे काका, पण सगळं गाव त्यांना थोरल्या भावासारखं दादूसच म्हणतं. ते गावच्या भजनी मंडळाचे पेटीमास्तर. मंडळ कुठंही जायचं तर आमच्याच जीपमधून, आणि वाटेत पेटी न उघडता नुसत्या गळ्यानं काळी दोनचा, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा, सूर द्यायचा हा दादूसांचा मोठा मान. ते पेटी घेऊनच जीपमध्ये चढले.

"पेटी कशाला?" बाबांनी विचारलं.

"तुजा पोरगा कानानं तपासनार. मंग कान कोनाचा हाय गावात?"

नेरूळच्या बाजारात मासे विकणारी काकू, म्हणजे दादूसांची बायको, परतीला तिथंच भेटली. रिकामी पाटी घेऊन तीही बसली. नेरूळच्या नव्या सेक्टरांमध्ये तेव्हा रुंद रस्ते होते आणि इमारती कमी. मी मागच्या पत्र्यावर पालथा पडून कान लावला. बाबांनी चाळीस गाठला.

"सोडा," मी ओरडलो. त्यांनी पाय उचलला. आवाज तसाच. "दाबा." तसाच.

"काली दोन," दादूस म्हणाले. त्यांनी पट्टी दाबली. पेटी आणि जीप एकत्र वाजायला लागल्या, आणि खरंच, दोघींत केसाचाही फरक नव्हता. "बगा. येकदम सुद्द."

काकूला हसू आलं. आधी पदरात, मग पदर पुरेना.

"काय झाला गो?"

"आवो, घरात पेटीबिगर तुमाला येक सूर लागत नाय. जीपमदे बसलाव का बरोबर काली दोन. तुमाला ही देते सूर."

बाबांनी ब्रेक मारला. पेटी माझ्या पाठीवर आली.

"वयनी, कवापासून देते?"

"आली तवापासून."

बाबांनी इंजिन बंद केलं. "दादूस, द्या आता सूर." दादूसांनी घसा साफ केला, डोळे मिटले आणि सूर दिला. पेटीवर पाहिलं तर भलतीच पट्टी. पुन्हा दिला, आणखी तिसरीच. मग बाबांनी जीप चाळीसवर नेली, आणि दादूसांच्या गळ्यातून काळी दोन अशी निघाली की विचारू नका. आम्ही एवढे हसलो की बाबांना गाडी कडेला घ्यावी लागली. त्यांना असं डोळे पुसत हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मंग हिलाच मास्तर करा मंडलात," दादूस म्हणाले आणि तेही हसायला लागले.

म्हणजे आवाज जुनाच होता. ऑइल बदलल्यावर आम्ही पहिल्यांदा कान दिला, एवढंच. पण जुना म्हणून निरुपद्रवी, असं कुठं आहे? बाबांनी नागमोडी चालवली. उजवीकडे वळताना आवाज वाढला, डावीकडे वळताना बसला. उजव्या वळणाला भार डाव्या चाकावर येतो.

"डावं बेरिंग असेल," मी म्हणालो.

"आसंल का हाय?"

"असेल," मी म्हणालो. माझ्याच्यानं त्यापुढे जाववेना.

दुसऱ्या दिवशी बाबा जीप घेऊन मेकॅनिककडे गेले. सगळं खोलून बघायचं ठरलं होतं. माझा नेरूळच्या कॉलेजात ड्रॉइंगचा पेपर होता. कागदावर बोल्ट काढताना डोळ्यांसमोर यार्डाचं गेट येत होतं, आणि मधेच काकूचं हसू आठवून मीही फिस्सकन हसत होतो. पर्यवेक्षकांनी दोनदा वर पाहिलं.

पेपर सुटल्यावर धावत बाजारात गेलो. काकूच्या जागेशेजारच्या दुकानात बाबा फोन करणार होते. काकू एका बाईला सुरमई कापून देत होती. तिनं मला पाहिलं आणि पुन्हा कोयत्यावर मान खाली घातली.

"काकू, फोन?"

"हुबा ऱ्हा, गिऱ्हाईक हाय."

बाईला तुकडे आणखी पातळ हवे होते. मग डोकं वेगळं हवं होतं. मग पिशवी सापडेना. मी या पायावरून त्या पायावर होत राहिलो. बाई गेल्यावर काकूनं हात धुतले, पदराला पुसले.

"खोलली सगली," ती म्हणाली. "दाते येकदम नवे आसल्यावानी हायत. डावा बेरिंग गेलता, तो बदलला. न तुजा बापूस बोलला, पोराला सांग, बसनं नको येव, तितंच ऱ्हा. जासईवरून पाशिंजर भरून निंगालोय."