पिशोरच्या टँकरची मेल

माझ्यासारख्या नवख्या बाईने अनाकलनीय अनुभवांच्या या सदरासाठी लिहिण्याचे धाडस करावे, याबद्दल आधीच क्षमा मागते. संस्कृतात एम.ए. केले, संसारात रमले आणि मुले मोठी झाल्यावर, पंचेचाळिशीत, सर्व्हर चालवणारी युनिक्स ही संगणकप्रणाली शिकले. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. तरीही...

ते दुष्काळाचे दिवस होते. चिकलठाण्यात नव्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्याच सावलीत, आमच्या लहानशा संस्थेत, खेड्यांकडून टँकरची मागणी येत होती. ती आमच्याकडून दुपारी बाराच्या आत ईमेलने पाणी भरण्याच्या केंद्रावर पोचली, तरच त्या गावाला दुसऱ्या दिवशी टँकर मिळे. तोंडी मागणी चालत नसे. सर्व्हरची जबाबदारी नुकतीच माझ्या एकटीवर आली होती.

त्या सकाळी एकही मेल बाहेर जाईना. सगळ्या रांगेत अडकलेल्या. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, एकच तक्रार — समोरचा सर्व्हर उत्तर देत नाही. डिस्क पाहिली, पत्ते तपासले, मेलची सेवा बंद करून पुन्हा सुरू केली. सारे ठीक, पण इंटरनेट देणाऱ्या छतावरच्या अँटेनापलीकडचे काहीच सापडेना.

मोबाईल वाजला. पिशोरच्या सखूबाई — मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, गावाच्या पाणी समितीच्या प्रमुख.

"बाई, आमचं नाव गेलं का नाय? हिरीत निस्ता गाळ उरलाय."

"प्रयत्न करते आहे, सखूबाई."

"परेत्न तर आमी बी लई करायलोत. पाणी पाठवा!"

खजील होऊन मी सर्व्हरच्या लोखंडी कपाटाला हात टेकला, आणि बोटांना झिणझिण्या आल्या. अर्थिंग!

इमारतीमागे अर्थिंगचा, म्हणजे जादा वीज जमिनीत उतरवण्याचा, खड्डा आहे. उन्हाळ्यात त्यात रोज पाणी ओतावे लागते, नाहीतर जमीन कोरडी पडते आणि यंत्रे वेड्यासारखी वागू लागतात. पण लोक घागरी घेऊन रांगेत उभे असताना मातीत पाणी ओतायचे कोणी? आम्हीच सर्वांनी, मोठ्या समाधानाने, ते बंद केले होते.

खबरदारी म्हणून सर्व्हरला बाहेर जोडणारी एकुलती एक नेटवर्क केबल दोन्हीकडून काढली आणि घाईत तशीच हातात घेऊन मागे धावले. शेजारच्या टेबलावरच्या शबानाआपा पाठोपाठ आल्या.

"क्या बाई, गड्ढे को पानी पिलाते क्या?"

"आपा, तुमची बाटली द्या."

"और मैं क्या पियूँ?... लो. मेल नहीं गई तो चाय तुम्हारी तरफ से!"

एसीखाली साठलेल्या पाण्याची बादली आली. मग एकेकाची बाटली आली. त्या दिवसांत, प्यायचे पाणी! कोणी कुरकुरले नाही. ते आठवले की आजही ऊर भरून येतो.

शेवटची बाटली रिकामी होत असतानाच पुन्हा सखूबाईंचा फोन.

"लागला नंबर, बाई! केंद्रावरून आत्ताच सांगितलं. तुमची मेल पोचली म्हनं."

"अहो, कशी पोचेल? केबल माझ्या हातात आहे."

"ते मला नाय कळत. तुमीच धाडली. दुसरं कोन धाडनार?"

आत येऊन केबल जोडली आणि रांग सरसर रिकामी झाली. बाराच्या आत सर्व गावांच्या मेल गेल्या. पिशोरची मात्र रांगेत नव्हतीच. लॉगनुसार ती त्याआधीच गेली होती... मी खड्ड्यापाशी उभी असताना. केंद्राच्या सर्व्हरवरही तीच वेळ. जाणकार म्हणाले, घड्याळ चुकले असेल. दोन्ही घड्याळे मी स्वतः तपासली, बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावांत टँकर पोचले. स्वतःबद्दल बोलण्याची मला सवय नाही, पण बाकीच्या गावांच्या मेल मी पाठवल्या, हे सांगताना माझी मान ताठ होते. पिशोरचे लोक भेटले की अजूनही हात जोडतात, आणि तो नमस्कार स्वीकारताना मात्र मी अडखळते.

केबल माझ्या हातात होती. मग ती मेल कोणी पाठवली असेल?