बिल्ले लावले त्या दिवशी

माझी थोरली जाऊ गेली तेव्हा शोकसभेत लोक ‘माऊली’, ‘त्यागमूर्ती’ असं काय काय बोलले. मला हसू आवरेना. त्यागमूर्ती कसली! चांगली खमकी बाई होती. गल्लीतल्या एकट्यादुकट्या, आजारी, हातातोंडाची गाठ न पडणाऱ्या शेजाऱ्यांसाठी तिनं तीस-पस्तीस वर्षं जेवणघर चालवलं, ते तोंडाच्या जोरावर.

तिथला नियम एकच. आल्यावर आधी काहीतरी काम करायचं, मग जेवायचं. कुणी कांदे चिरायचे, कुणी ताटं पुसायची. वाढणारा कोण आणि गरजेपोटी आलेला कोण, हे बाहेरच्याला कळू नये, एवढाच तिचा खटाटोप. त्या लांबोळक्या खोलीतली वाफ, भांड्यांचा खणखणाट आणि त्यावर चढलेला तिचा आवाज आठवला की अजून जीव तिकडे ओढ घेतो.

एकदाच तिनं घोळ घातला. देणगीदार पाहणीला येणार म्हणून सगळ्यांच्या छातीवर बिल्ले लावले, ‘सेवक’ आणि ‘लाभार्थी’. कांदे चिरणाऱ्या म्हाताऱ्या घड्याळजींनी आपला बिल्ला वाचला, सुरी खाली ठेवली आणि चालू लागले. पुन्हा फिरकले नाहीत. एकटा जीव, खाणार काय?

‘‘ताई, डबा पाठवू या,’’ मी म्हटलं.

‘‘म्हणजे आणखी लाभार्थी करू त्यांना? चल माझ्याबरोबर.’’

गुडघे धरत ती तिसरा मजला चढली. दार किलकिलं झालं.

‘‘चुकलं माझं. बिल्ले चुलीत घातले. या आता.’’

‘‘लाभ पुरे झाला, बाई.’’

‘‘लाभ कसला डोंबलाचा! कांदे चिरायला धड माणूस नाही. लोक मला बोलतात.’’

‘‘बोलू देत.’’ दार लागलं.

ती उतरायला वळली आणि पहिल्याच पायरीवर मटकन बसली. गुडघ्यांनी संप केला. मला एकटीला ती कुठली उचलवायला! मी पुन्हा दार ठोठावलं.

‘‘झेपत नाही तर चढायचं कशाला?’’ घड्याळजी करवादले.

‘‘भाषण नंतर. हात द्या.’’

आम्ही दोघांनी धरून तिला खाली आणलं. वाटभर ते कुरकुरत होते आणि ती उलट बोलत होती. जेवणघरात तिला खुर्चीत टेकवलं, तोच त्यांचं लक्ष परातीकडे गेलं.

‘‘हे कांदे चिरलेत की सरपण फोडलंय?’’ म्हणत त्यांनी सुरी मागितली.

‘‘आधी हात धुवा,’’ ती खेकसली.