मावशींचा आवाज

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात मी युद्ध आणि मानवी हक्कांवरचे माहितीपट दाखवते. पडद्याखाली इंग्रजी अक्षरं दिसली की मुलं मोबाइल काढतात, म्हणून एका माहितीपटाला आपणच मराठी आवाज द्यायचा असं ठरवलं. युद्धात मुलगा गमावलेली एक म्हातारी त्यात बोलते. तिच्या आवाजासाठी मला अकोल्याला माझ्या माहेरच्या शेजारी राहणाऱ्या मावशी आठवल्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. त्यांचा मुलगा फौजेत होता, सीमेवर मारला गेला.

त्या लगेच तयार झाल्या. "तिचं म्हणणं इकडच्या लोकाईले समजलं पाहिजे," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्याच घरी, पंखा बंद करून, रेकॉर्डिंग केलं. "त्याचे बूट आले, तो नाही आला," हे वाक्य त्यांनी सरळ, शांतपणे वाचलं. मला ते कोरडं वाटलं. मी म्हणाले, "मावशी, एकदा तुमच्या मुलाला आठवून म्हणा ना."

त्यांनी कागद खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि मग म्हटलं. शेवटच्या शब्दाला आवाज कातर झाला. मला आनंद झाला, खरंच झाला. हाताने मी 'छान' अशी खूणही केली.

कॉलेजात सगळं सभागृह रडलं. प्राचार्यांनी कौतुक केलं. मावशी आल्या नव्हत्या, म्हणून रविवारी मी अकोल्याला जाऊन उत्साहाने सगळं सांगू लागले. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं.

"पोरी, मी त्या बाईचं दुःख सांगाले बसली होती," त्या म्हणाल्या. "तू माह्यं काढून घेतलं. काहून?"

'लोकांवर परिणाम व्हावा म्हणून' हे अगदी ओठांवर आलं होतं. दुःखातल्या माणसापुढे कॅमेरा धरण्याआधी त्याला विचारावं, असं मी वर्गात दरवर्षी शिकवते.

"पहिल्यांदा वाचलं, ते ठेव," त्या म्हणाल्या.

मी माहितीपटात तेच बसवलं. पुन्हा दाखवला तेव्हा कोणी रडलं नाही. एक मुलगी मात्र नंतर थांबून, त्या म्हातारीचं पुढे काय झालं, ते विचारत राहिली. मावशींना फोनवर सांगितलं. "बरं झालं," म्हणाल्या.

पण ती रडवणारी प्रत तोवर दोन-तीन कॉलेजांना गेली होती. ती काढून टाका, असं मी सगळ्यांना कळवलं. मूर्तिजापूरच्या एका शिक्षकांचं उत्तर आलं, "मॅडम, तीच चांगली आहे, राहू द्या." हे मावशींना मी अजून सांगितलेलं नाही.